चोच खालच्यांची, पोट वरच्यांचं

बसा, बसा. त्या कातळावर नको, तो तापलाय, उठताना कातडी तिथंच राहील. इथं सावलीत या. ताक देते, आधी घाम पुसा. मला ठकूआजी म्हणतात. नाव आईबापांनी ठेवलं, गुण मी नंतर मिळवले.

ही समोर आहे ती वाघपाखराची वेस. वेस म्हणायची, पण हिला दार नाही. बघा नीट, दार फिरायला दगडात खळगे आहेत, अडसर सरकवायला भोक आहे, सगळी तयारी आहे. दार मात्र कधी बसलंच नाही. अन् आत शिरताना उजव्या हाताला, छातीएवढ्या उंचीवर, तो आडवा दगड आहे ना, तेच वाघपाखरू. पुढून बघितलं तर पाखरू, चोच, डोळा, मान, पिसं. मागून बघितलं तर वाघ, बरगड्या, मांड्या, पाठीवर वळवलेली शेपटी. चोचीला तेलकट काळा डाग आहे तो सुक्या बोंबलाचा. शेपटीला पांढरं दिसतंय ते भाकरीचं पीठ. मांजरं चोचीकडं जातात, मुंग्या शेपटीकडं. वाटणी झालेली आहे.

इथं येणारी माणसं गोंधळतात. एक जण म्हणाले, हा शरभ, सगळ्या गडांच्या दारावर असतो, हत्ती पंजात धरतो. मी म्हटलं, बघा शोधून हत्ती. ते बराच वेळ शोधत होते. दुसरे म्हणाले, व्याल. एक दाढीवाले आले होते, ते म्हणाले, आजी, असाच प्राणी साता समुद्रापलीकडं पण आहे, पुढून गरुड, मागून सिंह, त्याला ग्रिफिन म्हणतात, तो सोन्याची राखण करतो. मी त्यांना विचारलं, तिथले नवराबायको पण एकमेकांशी बोलत नव्हते का? त्यांना काही कळेना. तुम्हाला कळेल, ताक संपेपर्यंत बसलात तर.

अन् ती पोटावरची भोकं. सगळे आधी तेच विचारतात. उभ्या रांगेत, पाठीपासून पोटापर्यंत, बोट जाईल एवढी. काल पोरं आली होती, त्यांना सांगितलं, बंदुकीच्या गोळ्या लागल्यात. त्यांनी फोटो काढले. त्याच्या आधी एक कुटुंब आलं होतं, त्यांना सांगितलं, वाघपाखराला थंडीत बंडी घालत होते, ही तिची काजं. त्यांनी पण फोटो काढले.

काय म्हणालीस पोरी? ह्यांना विचारू, पाण्याची बाटली कुणाच्या पिशवीत आहे? अगं, हे तिथं तर उभे आहेत, हात लांब केलास तर लागतील. बोलत नाही? सकाळपासून? वाट चुकलात, कुणामुळं चुकलात? बरं बरं. नका सांगू. म्हणजे तुम्हाला गोळ्या अन् बंडी चालायची नाही. तुम्हाला खरी सांगायला पाहिजे. अहो पाव्हणं, तुम्ही पण बसा. तिच्याजवळ नको बसायचं तर त्या बाजूला बसा, मी मधे आहे.

तर असं सांगतात. फार जुनी गोष्ट आहे, मी म्हातारी असले तरी एवढी म्हातारी नाही. मी माझ्या सासूकडून ऐकली, ती पाथरवटाची लेक होती, तिनं तिच्या आजीकडून. मधे कुणी काय घातलं, काय गाळलं, देव जाणे.

ह्या खिंडीच्या वर माथवडी. खिंडीच्या खाली, खाडीच्या बाजूला, तळवट. माथवडीत ज्वारी-नाचणी, तळवटात भात अन् मासळी. पूर्वी सगळी सोयरीक खालीवर. खालच्या लेकी वर, वरच्या लेकी खाली. मग दोन्ही गावांत भांडण पेटलं. कशावरून, विचारू नका. कुणी म्हणतं, एका लग्नात आहेराचं लुगडं आखूड निघालं. कुणी म्हणतं, बैल चोरला. माझी सासू म्हणायची, आधी लुगडं आखूड निघालं, मग त्या रागात बैल नेला, मग बैलानं लुगडं खाल्लं. तिचं पण माझ्यासारखंच होतं. काही असो, खिंडीत दगडफेक व्हायला लागली. बाईमाणूस माहेरी निघालं तर तिच्या डोक्यावरची पाटीसुद्धा उलटी करून बघायचे.

शेवटी किल्लेदार आला. त्याचं नाव कुणी काय सांगतं, कुणी काय, मी नुसतं किल्लेदार म्हणते. लांबचा माणूस, त्याला ना लुगड्याचं सोयर ना बैलाचं सुतक. तो म्हणाला, इथं वेस बांधतो. दाराला एक कुलूप, कुलपाला एक किल्ली. किल्ली ज्या गावाकडं असेल त्यानं ठरवायचं कोण येणार, कोण जाणार. अन् कुणाकडं द्यायची ते मी ठरवणार नाही, नाहीतर जन्मभर शिव्या मलाच. वेशीवर राखणीला एक जनावर कोरायचं. दसऱ्याला जनावर बसेल. ज्या गावाचं जनावर, त्या गावाची किल्ली.

माथवडीचं जनावर वाघ. आमच्या वाघजाईच्या देवळात अजून त्याची पितळी मूर्ती आहे, मिश्या घासून घासून गेल्यात. तळवटाचं जनावर गरुड. खाडीच्या तोंडाशी उंच झाडावर त्याचं घरटं असायचं, ते दिसलं की होड्या घराकडं वळायच्या. किल्लेदाराला वाटलं, सोपं काम सांगितलं. असं वाटतं तेव्हाच माणूस फसतो.

कोरणारा एकच होता, माथवडीचा राणू पाथरवट. खरं तर एक नव्हे, दोन. पाथरवटाच्या घरात बाई नुसती भाकऱ्या थापत नाही. राणू ठोकळा काढायचा, अंग घडवायचा. बारीक काम, म्हणजे पिसं, पाकळ्या, डोळा, नखं, ते त्याची बायको भिवरा करायची. दगड फोडायचा असला की तो पाचरी ठोकायचा अन् ती पाणी घालायची. अशी त्यांची जोडी.

ही भिवरा तळवटाची. लहानपणीच वर दिलेली. खाली तिची आई होती अन् एक भाऊ. आईची नजर गेलेली. भिवरा दर दिवाळीला भाऊबीजेला खाली जायची, तेव्हा आई काही बोलायच्या आधी तिचा तळवा हातात घ्यायची अन् अंगठ्यानं चाचपायची. छिन्नी धरून पडलेले घट्टे लागले की म्हणायची, आली माझी. मग पाणी, मग गूळ, मग रडणं. भिवराला वर्षभर तेवढं पुरायचं. सांगायचं एवढंच की तिचा जीव त्या वाटेत अडकलेला होता. वाट बंद झाली तर आईला तो तळवा पुन्हा लागणार नव्हता.

माथवडीचा पाटील, धुळाजी त्याचं नाव, तो राणूकडं गेला. म्हणाला, वाघ कोर. राणू हो म्हणाला. गावातच राहायचं, नाही कसं म्हणणार? पण घरी येऊन बायकोला विचारलं नाही. नुसतं सांगितलं, वाघ कोरायचाय, पिसांचं काम नाही, तुला ह्या खेपेला सुट्टी.

सुट्टी म्हणे. आता पाव्हणं, तुम्हीच सांगा, एखादीची माहेरची वाट बंद करायची अन् तिला सुट्टी दिली म्हणून सांगायचं, हे कुठल्या शाळेत शिकवतात? मी दुसरीपर्यंत गेले, मला तरी तो धडा नव्हता.

तिकडून तळवटाच्या खोतानं भिवराच्या भावाबरोबर गुपचूप निरोप धाडला. बहिणीला सांग, गरुड झाला पाहिजे. नाही झाला तर आईचं तोंड बघायचं विसर. भिवरानं निरोप ऐकला अन् घरात जाऊन बसली. त्या दिवसापासून नवराबायकोचं बोलणं बंद.

पण एका घरात राहायचं, एका दगडावर काम करायचं, बोलल्याशिवाय चालतं होय? त्यांचं एक गाढव होतं, दगड वाहायला. त्याचं नाव शहाण्या. सगळं बोलणं शहाण्यामार्फत सुरू झालं. राणू म्हणायचा, शहाण्या, विचार तिला, भाकर झाली का. भिवरा म्हणायची, शहाण्या, सांग त्याला, झाली, पण कालवणाला मीठ नाही, कारण मीठ खालून येतं. गाढव ह्याच्याकडं बघायचं, तिच्याकडं बघायचं. असं म्हणतात की त्या दिवसांत ते इतकं गोंधळलं की ओझं घातलं तर बसायचं अन् ओझं काढलं की चालू लागायचं.

दगड खिंडीतच आडवा पाडलेला होता. एका सकाळी राणू येऊन बघतो तर भिवरानं सुतळी गेरूत भिजवून दगडाच्या बरोबर मध्यावर ताणली होती. तिनं ती उचलून टण्‌कन सोडली. दगडावर लाल रेघ उठली. मग शहाण्याला म्हणाली, सांग त्याला, रेघेच्या त्या बाजूला त्याचं गाव, ह्या बाजूला माझं.

राणूला वाटलं, चार दिवसांचा राग आहे, जाईल. त्यानं शेपटीकडून वाघ काढायला घेतला. तिनं चोचीकडून गरुड काढायला घेतला. त्यानं मांडी घडवली, तिनं डोळा उघडला. त्यानं बरगड्या काढल्या, तिनं मानेवरची पिसं काढली, एकेक पीस भाताच्या लोंबीसारखं. कुणीच हटेना. संध्याकाळी काम थांबलं की दगडावर गवताचा पेंढा टाकून ठेवायचे, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला काही दिसायचं नाही. पाटील विचारायचा, वाघ होतोय ना? राणू म्हणायचा, होतोय. खोटं नव्हतं. भाऊ लपतछपत येऊन विचारायचा, गरुड होतोय ना? भिवरा म्हणायची, होतोय. तेही खोटं नव्हतं.

असं करत दोघं लाल रेघेपाशी आले. आता गंमत बघा. वाघाला पुढचे पाय नाहीत, गरुडाला मागचं अंग नाही. दोघांच्या छिन्न्या समोरासमोर. एकीचा ठोका पडला की दुसऱ्याचा पडायचा, कोपराला कोपर लागायचं, अन् दोघं दगडाकडं बघत. भिवराची पिसं रेघेवर चिरल्यासारखी थांबली होती. राणूला ते बघवेना. कारागीर माणूस, राग असला म्हणून वाईट काम बघवत नाही. त्यानं आपल्या बाजूनं वाघाची आयाळ जरा पुढं सरकवली, पिसांच्या खाली. सिंहाला असते, वाघाला नसते, हो, ठाऊक आहे मला, पण त्या वेळी त्यालाही काही सुचत नव्हतं. मग तिनं दोन पिसं रेघेपलीकडं सोडली. चुकून सोडल्यासारखी. मग त्यानं एक बट अलीकडं घेतली. असं चुकून चुकून करत लाल रेघ कुठं गेली, दोघांनाही सापडेना. पण बोलणं? अजून शहाण्यामार्फतच.

दसरा आला. वेशीच्या भिंतीत दगड बसवला, अजून पेंढ्यानं झाकलेला. वरून माथवडीचे हलगी वाजवत आले. खालून तळवटाचे ढोल बडवत आले. किल्लेदार मधे किल्ली घेऊन उभा. हातभर लांब किल्ली होती म्हणे. तो म्हणाला, काढा पेंढा. वरच्या लोकांनी वरच्या बाजूनं ओढला, खालच्यांनी खालच्या बाजूनं. वरच्यांना शेपटी दिसली. ते ओरडले, वाघ. खालच्यांना चोच दिसली. ते ओरडले, गरुड. हलग्या अन् ढोल एकदमच सुरू झाले. अन् मग मधला पेंढा खाली पडला.

हळूहळू एकेक वाद्य बंद पडलं.

गुरव हार घेऊन उभा, त्याला कळेना गळा कुठला. वाघ असेल तर मान कुठं सुरू होते, गरुड असेल तर कुठं संपते. त्यानं हार परत ताटात ठेवला. नारळ कुठल्या तोंडापुढं फोडायचा म्हणून विचारलं, तर पाटील म्हणाला, आमच्या बाजूला फोड. त्याच्या बाजूला तोंडच नव्हतं. तळवटाचे लोक हसले. मग खोत म्हणाला, चोच आमची, किल्ली आमची. पाटील म्हणाला, पोट आमचं, मांड्या आमच्या, अर्ध्याहून जास्त जनावर आमचं. खोत म्हणाला, अर्ध्याहून जास्त ढुंगण तुमचं. त्याबरोबर दगड उचलले गेले.

किल्लेदारानं मधे घोडा घातला. राणूला अन् भिवराला पुढं बोलावलं. विचारलं, हे काय आहे?  भिवरा म्हणाली ते शब्द मात्र सगळे तसेच्या तसे सांगतात, त्यात कुणाचा गोंधळ नाही.

"चोच खालच्यांची आहे, पोट वरच्यांचं. चोचीनं खाल्लं तर पोटात जाईल. चोच बांधलीत तर पोट उपाशी मरेल. किल्ली कुणालाही द्या सरकार, मरताना दोघं एकदमच मरतील."

 किल्लेदाराला पटलं, पण पटलं म्हणजे काय करायचं, ते त्याला कळेना. गोंधळलेला मोठा माणूस फार वाईट, पोरांनो, तो उगाच काहीतरी हुकूम सोडतो. तो म्हणाला, तर मग दोन तुकडे करा. शेपटी माथवडीला, चोच तळवटाला, आपापल्या देवळात नेऊन बसवा. अन् ही खिंड दगडांनी भरून टाका. वेस नको अन् वाट पण नको. उद्या सूर्य मावळेपर्यंत दगड फुटला पाहिजे. ज्यानं जोडला त्यानंच फोडायचा. नाहीच फुटला, तर मी समजेन की देवाला दार नको, मी माझी किल्ली घेऊन जाईन.

भिवरा दगडापाशी गेली. आता वाट बंद म्हणजे कायमची बंद. दिवाळी पुढ्यात आली होती. असं सांगतात की तिनं त्या दगडालाच हात जोडले. वाघ का पाखरू, तिलाही धड ठाऊक नव्हतं, म्हणून नावही घेता येईना. तिनं नुसतं म्हटलं, जे काय आहेस ते, टिकून राहा. टिकलास तर ह्या वाटेनं जी नवरी येईल ती आधी तुला जेवू घालील, मग स्वतः जेवेल. दोन्हीकडचं घालील, खालचं चोचीला, वरचं शेपटीला. नवस तो एवढाच.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून राणू भोकं पाडायला बसला. ती ही भोकं. बरोबर मधून. दोन्ही गावं दोन्ही बाजूंनी येऊन बसली, भाकऱ्या बांधून, जत्रेला बसतात तशी. भोकं झाली. आता पाचरी ठोकायच्या. तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते, पूर्वी दगड सुरुंगानं फोडत नव्हते. खणखणीत वाळलेल्या लाकडाच्या पाचरी भोकात ठोकायच्या अन् वरून पाणी घालत राहायचं. लाकूड पाणी पितं, फुगतं, अन् फुगता फुगता कातळ दुभंगतो. एवढंसं लाकूड, पण तहानलेलं असलं की डोंगर फोडतं.

राणूनं पाचरी ठोकल्या. मग पाण्याची घागर घेऊन भिवराला यावं लागलं, कारण पाणी घालणं तिचं काम. आपल्या माहेरची वाट आपल्याच हातानं बुजवायची. ती आली. पहिल्या पाचरीवर पाणी घालायच्या आधी तिनं सवयीनं तिच्यावर बोट ठेवलं, नीट बसली का बघायला.

पाचर गार लागली.

दुपारचं ऊन होतं. वाळकं लाकूड उन्हात कसं लागतं? कढत. ही माठाच्या बुडासारखी गार. वरून दगडाची पांढरी भुकटी चोळलेली होती, वाळकी दिसावी म्हणून. भिवरानं दुसरीला हात लावला, तिसरीला लावला. तापलेल्या छिन्न्या विझवायचं पाण्याचं कुंड असतं पाथरवटाकडं, त्यात पाचरी भिजत पडल्या होत्या, कधीपासून कोण जाणे. पोट फुटेस्तोवर पाणी प्यालेल्या.

तिनं मान वर केली. राणू तिच्याकडंच बघत होता. शहाण्या शेजारी उभा होता, कान टवकारून, आपल्याला काय निरोप मिळतो म्हणून. पण राणू त्याच्याकडं वळला नाही.

"भिवरा, पाणी भरपूर घाल."

"किती लागेल?"

"ह्यांची तहान भागलीय," तो हळूच म्हणाला. "लोकांची भागेपर्यंत घाल."

मग तिनं पाणी घातलं. घागरी रिकाम्या झाल्या, तळवटाच्या बायकांनी भरून आणल्या, त्या रिकाम्या झाल्या, माथवडीच्या बायकांनी आणल्या. बाया आपापल्या नवऱ्यांकडं बघत नव्हत्या, नुसत्या पाणी आणत होत्या. खालची घागर वरची घेत होती, वरची खालची. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. दगडावरून पाणी वाहत वाटेवर आलं, पाटलाच्या जोड्यात गेलं. दगड काही फुटेना. वाघपाखरू पाणी पितं म्हणून कुणी तरी म्हणालं अन् ते दोन्ही गावांत पसरलं. अजून असं मानणारे आहेत. माना की, माझं काय जातं?

सूर्य टेकला तेव्हा दगडातून एक आवाज आला म्हणतात. माथवडीचे म्हणतात, वाघ गुरगुरला. तळवटाचे म्हणतात, गरुड किंचाळला. माझी सासू म्हणायची, शहाण्या ओरडला. इतके दिवस निरोप सांगून कंटाळला होता बिचारा. ते काही असो, किल्लेदार घोड्यावर बसला. दिलेला शब्द होता, मोडता येईना. त्यानं ती हातभर किल्ली बघितली, ह्या गावाकडं बघितलं, त्या गावाकडं बघितलं, अन् किल्ली घेऊनच निघून गेला. नुसती किल्ली ठेवून तरी काय करायचं होतं, दार तर आलंच नव्हतं. ते कुठल्याशा सुताराकडं पडून होतं म्हणे. त्याची पुढं बैलगाडी झाली.

भांडण लगेच मिटलं असं समजू नका. भांडणं अशी मिटत नाहीत. पण दारच नाही, तर बंद काय करणार?

दिवाळीला भिवरा खाली जायच्या आत तिची आईच वर आली. भावानं झोळीत घालून आणली. पदराला सुके बोंबील बांधलेले. वेशीपाशी झोळी टेकली. म्हातारीनं आधी लेकीचा तळवा धरला, अंगठा फिरवला. आली माझी, म्हणाली, खरं म्हणजे आली होती म्हातारीच. मग म्हणाली, ज्याच्यावरून एवढं झालं ते कुठंय?

भिवरानं तिचा हात चोचीवर ठेवला. म्हातारी हातानं बघत बघत सरकली. चोच, डोळा, मान, पिसं, भोकं, बरगड्या, मांडी, शेपटी. पुन्हा उलटी आली. पुन्हा गेली. सगळे थांबले होते. पाटील होता, खोत होता.

म्हातारी म्हणाली, "भोकं लागली गं. पण जोड कुठाय?"

 पाटलानं डोळे मिटून हात फिरवून बघितला म्हणे. मग खोतानं. त्यांनाही सापडला नाही.

राणू मागं उभा होता. सासूपुढं बोलायची त्याला सवय नव्हती. तो म्हणाला, शहाण्या, सांग सासूबाईंना, बसा म्हणावं, भाकर झालीय. म्हातारी म्हणाली, अरे जावईबापू, मला डोळे नाहीत, कान आहेत, मलाच सांगा की. मग तिनं पदरातला एक बोंबील काढून चोचीला लावला. राणूनं भाकरीचा तुकडा शेपटीशी ठेवला. शेपटीला तोंड नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण नवस तसा होता, अन् पोट वरच्यांचं होतं.

आजही ह्या वाटेनं नवरी येते ती वेशीपाशी उतरते. गाडीतून आली तरी उतरते. खालची वर येवो नाहीतर वरची खाली जावो, डोळे मिटून चोचीपासून शेपटीपर्यंत हात फिरवते. खालचं चोचीला देते, वरचं शेपटीला. सासू विचारते, काय लागलं? तिनं म्हणायचं, भोकं लागली, जोड नाही. मी आले तेव्हा मी म्हटलं होतं, बोंबलाचा वास लागला. सासू अशी हसली की तिथंच आमची दोघींची गट्टी झाली. माझं माहेर तळवटच. आता तिथं कुणी उरलं नाही, तरी चोचीला बोंबील मीच लावते.

तर हे असं आहे. ते दाढीवाले म्हणाले, तिकडचं जनावर सोनं राखतं. इथं सोनं नव्हतं कधी. हे नुसती वाट राखतं, ती पण दार नसलेली.

आता उठा. ताक संपलं. पोरी, तू चोचीकडनं जा. पाव्हणं, तुम्ही शेपटीकडनं या. डोळे मिटा, मी बघतेय, चोरून बघायचं नाही. हळू, कुठं तरी मधे हाताला हात लागेल, तेव्हा ओरडू नका.

काय म्हणालीस? अजून बाटली कुणाच्या पिशवीत आहे ते ह्यांना विचारू? बघा. आजही इथं माणसं रुसूनच येतात. शहाण्या मेला त्याला किती पिढ्या झाल्या, अन् त्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

मी नाही विचारत. हे उभे आहेत तुझ्यासमोर. ह्यांनाच विचार.